सिकलसेलची दहा मिनिटांची पट्टी: कुठे भरवशाची, कुठे नाही

धडगाव, भामरागड, धारणी अशा आदिवासी भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी म्हटली की वर्षानुवर्षं एकच चित्र डोळ्यांपुढे येतं: काचेची नळी, तिच्यात गढुळलेलं गुलाबी द्रावण आणि नळीमागे धरलेला काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, नाही दिसल्या तर पॉझिटिव्ह. ही सोल्युबिलिटी टेस्ट. स्वस्त आणि सोपी आहे, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. पॉझिटिव्ह आलेला माणूस नुसता वाहक (एकाच पालकाकडून सिकलचं जनुक आलेला) आहे की आजारी, हे ती सांगत नाही. वाहकाला औषध लागत नाही, रुग्णाला जन्मभर लागतं. एवढा फरक न सांगणारी चाचणी हातात ठेवून आरोग्यसेविका गावात काय सांगणार?

ही उणीव भरायला आलेल्या पट्ट्यांपैकी कॅलिफोर्नियाच्या सिल्व्हर लेक रिसर्च या कंपनीची ‘हिमोटाइप एससी’ ही या परीक्षणाचा विषय आहे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेने भारतातल्या आदिवासी भागांत तिची पडताळणी केली आहे, त्यामुळे ‘परदेशातली चाचणी, इथे चालेल का’ हा प्रश्न आता उरलेला नाही. कुणाच्या हातात दिली तर चालेल आणि तिच्या उत्तरावर किती विसंबायचं, हे प्रश्न मात्र आहेत.

किटमध्ये सामान थोडं आहे: पट्ट्यांचा डबा, छोट्या नळ्या, पाण्याचा ड्रॉपर आणि टोकाला शोषकागद असलेल्या रक्त टिपायच्या काड्या. लॅन्सेट, स्पिरिटचा कापूस, हातमोजे आणि वेळ लावायचं घड्याळ आपलं. वीज लागत नाही, सेंट्रिफ्यूज लागत नाही, पिपेटही नाही.

पद्धत अशी. नळीत सहा थेंब पाणी घ्यायचं. बोट स्पिरिटने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. लॅन्सेटने टोचून पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसऱ्या थेंबाला काडीचं टोक फक्त टेकवायचं. कागद आपणहून दीड मायक्रोलिटरच्या आसपास रक्त ओढून घेतो. काडी नळीतल्या पाण्यात हलवायची. पाण्याने तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन मोकळं होतं आणि पाण्याला रंग येतो. मग पट्टी बाणाची बाजू खाली करून नळीत उभी ठेवायची, दहा मिनिटं थांबायचं, बाहेर काढून वाचायची.

इथपर्यंत काम कुणालाही अर्ध्या तासात शिकवता येतं. खरी परीक्षा वाचण्यात आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

गरोदरपणाची किंवा मलेरियाची पट्टी हाताळलेल्या माणसाच्या मनात एक नियम पक्का असतो: रेषा आली म्हणजे ‘आहे’. या पट्टीवर नियम उलटा आहे. तिच्यावर नियंत्रण रेषेशिवाय (ही पट्टी नीट चालली की नाही ते दाखवते) हिमोग्लोबिन ए, एस आणि सी यांच्या जागा आहेत. ए म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, एस सिकलसेलचं, सी आणखी एक बदललेला प्रकार. ज्या प्रकारचं हिमोग्लोबिन रक्तात असेल त्याची रेषा उमटत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन पट्टीवरच्या अँटिबॉडीला आधीच धरून बसतं, मग रेषेच्या जागी रंग साचायला काही उरत नाही.

आता हिशेब मांडू. निरोगी माणसात फक्त ए आहे, म्हणून ए ची रेषा गायब. नियंत्रण, एस आणि सी अशा तीन रेषा दिसतात. सिकलसेलच्या रुग्णात ए नाही, एस आहे. एस ची रेषा गायब, नियंत्रण, ए आणि सी अशा तीन रेषा दिसतात. वाहकात दोन्ही आहेत. ए आणि एस दोन्ही गायब, नियंत्रण आणि सी अशा दोनच रेषा. म्हणजे निरोगी माणूस आणि रुग्ण, दोघांच्याही पट्टीवर तीनच रेषा! गडबडीच्या शिबिरात रेषा मोजून निकाल लिहिणारा कर्मचारी या दोघांची अदलाबदल करू शकतो, आणि त्याहून वाईट चूक या चाचणीत संभवत नाही. म्हणून रेषा मोजायच्या नाहीत, जागा बघायची. टेबलावर किटचं मोठं छापील चित्र लावावं, पट्टी त्याच्या शेजारी धरून वाचावी आणि रजिस्टरमध्ये थेट ‘एएस’ (वाहक) किंवा ‘एसएस’ (रुग्ण) न लिहिता आधी ‘कोणती रेषा नाही’ हा रकाना भरावा. हा एक जादा रकाना किटसोबत येत नाही. हातानेच आखावा लागतो आणि त्याचा फार उपयोग होतो.

नियंत्रण रेषा नसेल तर पट्टी बाद. चारही रेषा ठसठशीत दिसल्या तर बहुधा रक्तच पुरेसं पडलेलं नाही. काडी थेंबाला नीट टेकली नाही किंवा पाण्यात नीट हलवली नाही. फिकट रेषेवर वाद घालत बसू नये. त्याच माणसाची दुसरी पट्टी लावावी आणि तीही तशीच आली तर नमुना एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राकडे पाठवावा.

रक्त जास्त झालं की काय होतं, हेही कळलं पाहिजे. काडी बोटावर घासून, दाबून, पुन्हा बुडवून भरली तर पाणी गडद लाल होतं. या पट्टीत हिमोग्लोबिन आणि अँटिबॉडी यांच्या प्रमाणाचा खेळ असल्यामुळे प्रमाण बिघडलं की रेषांचा रंग बिघडतो. रक्त कमी पडलं तर जी रेषा जायला हवी ती अर्धवट राहते. म्हणून टोक टेकवा आणि सोडा, यापलीकडे काही करायचं नाही.

पट्ट्यांचा शत्रू ओल. गडचिरोलीच्या पावसाळ्यात डबा उघडा ठेवून शंभर माणसं तपासली तर शेवटच्या पट्ट्यांवर भरवसा ठेवता येणार नाही. एक पट्टी काढली की झाकण लागलंच पाहिजे. आतली शोषक पुडी फेकायची नाही. उन्हाळ्यात डबा जीपच्या काचेपाशी ठेवू नये. प्रत्येक नव्या लॉटचा (उत्पादनाच्या खेपेचा) डबा फोडला की आधी एका ज्ञात वाहकाचा आणि एका ज्ञात निरोगी माणसाचा नमुना लावून बघावा. जिल्हा प्रयोगशाळेकडे ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या झाकणाच्या नळीत असे नमुने असतातच, मागून घ्यावेत.

आता पट्टी जिथे नीट लावूनही फसते त्या जागा.

रक्त चढवलेला रुग्ण. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त घेतलं असेल तर दात्याचं हिमोग्लोबिन ए पट्टीवर दिसतं आणि एसएसचा रुग्ण वाहक म्हणून नोंदला जातो. ‘रक्त चढवलंय का, कधी?’ हा प्रश्न बोट टोचण्याआधी विचारायचा.

सिकल-बीटा थॅलेसेमिया. आईकडून सिकल, वडिलांकडून बीटा थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं) जनुक आलं तर मूल आजारी असतं. बीटा शून्य प्रकारात ए तयारच होत नाही, पट्टी एसएस दाखवते. निदान अपुरं असलं तरी मूल किमान उपचारापर्यंत पोचतं. बीटा प्लस प्रकारात थोडं ए असतं, पट्टी ‘वाहक’ म्हणते आणि मूल सुटतं. म्हणून वाहक म्हणून निघालेला माणूस वारंवार अंगदुखी, कावीळ, वाढलेली प्लीहा किंवा न भरणारा रक्तक्षय सांगत असेल, तर पट्टीवर विश्वास ठेवू नका. एचपीएलसी करा, सोबत रक्तपेशींची गणना करून एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) बघा.

हिमोग्लोबिन डी पंजाब. हा हिमोग्लोबिनचा आणखी एक बदललेला प्रकार, पट्टीवर याला स्वतःची रेषा नाही. एस आणि डी एकत्र आलेला माणूस आजारी असतो, पण पट्टीवर तो वाहकासारखा भासू शकतो. पंजाबी आणि सिंधी कुटुंबं असलेल्या शहरी भागात हे ध्यानात ठेवावं.

नवजात बाळ. जन्मावेळी बहुतांश हिमोग्लोबिन एफ, म्हणजे गर्भातलं असतं, ए आणि एस थोडं. सोल्युबिलिटी टेस्ट सहा महिन्यांखाली चालतच नाही. पट्टी इथे तिच्या कितीतरी पुढे आहे. तरी वेळेआधी जन्मलेल्या बाळात ए इतकं कमी असू शकतं की निकालाला पक्कं म्हणू नये. रक्त टाचेतून घ्यावं. नाळेच्या रक्तात आईचं रक्त मिसळलं तर आईचं ए बाळाच्या नावावर जमा होतं. एसएस निघालेल्या बाळाचा निकाल एचपीएलसीने पक्का करून घ्यावा आणि पहिल्या वर्षाच्या आत-बाहेर पुन्हा बघावा. पण पेनिसिलिन आणि लसीकरण त्या कागदासाठी अडवू नये.

मग जुनी सोल्युबिलिटी टेस्ट फेकून द्यायची का? शाळा-आश्रमशाळांत मोठ्या संख्येने चाळणी करायची असेल, शेजारीच ग्रामीण रुग्णालय असेल आणि पॉझिटिव्ह नमुना त्याच दिवशी पुढे जात असेल, तर ती अजून कामाची आहे. पण तिचे नखरे माहीत हवेत. दोन मिलिलिटर द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटं. द्रावण फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर निकाल बिघडतो. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. द्रावणातलं सोडियम डायथायोनाइट हे रसायन हवेत आणि ओलीत खराब होतं. गठ्ठे झालेली पावडर टाकून द्यावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर द्रावण पुरेसं गढूळ होत नाही आणि वाहक निगेटिव्ह निघतो. रक्त दुप्पट घेतल्याने हे सावरता येतं, पण त्यासाठी आधी हिमोग्लोबिन मोजलेलं हवं. सातपुड्यातल्या किंवा मेळघाटातल्या गरोदर बाईत रक्तक्षय ही अपवादाची गोष्ट नाही. म्हणजे ज्या बाईला तपासणीची सर्वाधिक गरज, तिच्याच बाबतीत ही चाचणी आंधळी. स्वस्ताईचा हिशेब मांडताना हे त्यात धरलं जात नाही.

बायोमेडॉमिक्स कंपनीची ‘सिकल स्कॅन’ हा दुसरा पर्याय. तिच्यात केशनळीने पाच मायक्रोलिटर रक्त घ्यायचं असतं आणि निकाल पाच मिनिटांत येतो. तिथे रेषा सरळ वाचायची: एस आहे तर एस ची रेषा उमटते. नव्या कर्मचाऱ्यासाठी हे सोपं. मात्र कॅसेट आणि बफरची कुपी यामुळे सामान आणि कचरा वाढतो. पाठीवर बॅग घेऊन पाड्यापाड्यांत जाणाऱ्याला हे जाणवतं. ज्या जिल्ह्यात कर्मचारी दर सहा महिन्यांनी बदलतात तिथे सिकल स्कॅन निवडावी. जिथे तेच लोक वर्षभर काम करतात तिथे हिमोटाइप.

दोन्हींच्या मागे एचपीएलसी हवीच. सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेतही चाळणीनंतर ती पायरी आहे. तिचा अहवाल वाचताना फक्त एस ची टक्केवारी बघून भागत नाही. वाहकात ए नेहमी एस पेक्षा जास्त. एस साधारण ३५ ते ४० टक्के, सोबत अल्फा थॅलेसेमिया असेल तर त्याहून कमी. एस जास्त आणि ए कमी दिसलं की रक्त चढवलं होतं का ते विचारा आणि बीटा प्लसचा संशय घ्या. बायो-रॅडच्या व्हेरिएंट या एचपीएलसी यंत्राच्या बीटा-थॅलेसेमिया शॉर्ट प्रोग्रॅममध्ये डी ची खिडकी (आलेखावर शिखर येण्याची वेळ) ३.९ ते ४.३ मिनिटं आणि एस ची ४.३ ते ४.७, कडेवर पडलेलं शिखर घाईने कुठल्याही खात्यात टाकू नये. एस असलेल्या नमुन्यात ए-टू (बीटा थॅलेसेमियात वाढणारं हिमोग्लोबिन) थोडं फुगून दिसतं, लोह कमी असेल तर ते खाली येतं. नुसत्या ए-टू वरून सिकल-बीटाचा शिक्का मारणं म्हणूनच धोक्याचं. आईवडिलांचे नमुने मागवा, ते जास्त बोलतात.

पट्टीचा खरा फायदा प्रयोगशाळेच्या तक्त्यात नाही, कॅलेंडरात आहे. नंदुरबारच्या पाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. नळीतला नमुना जिल्ह्याला जाऊन अहवाल परत येईपर्यंत घराला कुलूप. पट्टीचं उत्तर बोटाला लावलेला कापूस सुकायच्या आत मिळतं. पहिल्या तपासणीला आलेली गरोदर बाई वाहक निघाली की बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याचं बोट तिथल्या तिथे टोचता येतं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. गर्भाची तपासणी करायची तर वारेचा नमुना दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास घेतात. तीन आठवड्यांनी येणारा अहवाल कितीही अचूक असो, त्या जोडप्याच्या उपयोगाचा नसतो.

पट्टी कुणाला लावायची, यावर मात्र अनेक शिबिरं चुकतात. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांच्यासारख्या संशोधकांनी गावोगाव फिरून भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जातं हे दाखवून दिलं. काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्या कामाचं मोल मोठं. पण त्याचा सोयीस्कर अर्थ असा लावला गेला की सिकलसेल म्हणजे ‘आदिवासींचा आजार’. विदर्भात तो बौद्ध आणि इतर समाजांतही भरपूर आहे. जातीचा रकाना बघून बोट टोचलं तर नागपूर, भंडारा, चंद्रपूरमधली कितीतरी घरं सुटतात, आणि ज्यांचं टोचलं त्यांच्यावर शिक्का बसतो तो वेगळाच. अमेरिकेत हाच घोळ झाला होता. फक्त कृष्णवर्णीय बाळं तपासायची की सगळी, यावर तिथे बरीच वर्षं खल चालला. १९८६ मध्ये डॉ. मॅरिलिन गॅस्टन आणि सहकाऱ्यांनी लहान वयात पेनिसिलिन दिल्याने जीवघेणे संसर्ग कितीतरी घटतात हे सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या परिषदेने वंश न बघता प्रत्येक नवजात बाळ तपासा असं सांगितलं, तरी सगळी राज्यं त्या वाटेवर यायला २००६ उजाडलं. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने शून्य ते ४० वयोगटातले सात कोटी लोक तपासायचं लक्ष्य ठेवलं. सिकलसेल जास्त असलेल्या भागांत ते भौगोलिक पद्धतीने, म्हणजे गावातला प्रत्येक माणूस अशा रीतीने घेणं हेच बरोबर.

आणखी एक खटकणारी गोष्ट, हिचा पट्टीशी संबंध नाही पण शिबिराशी आहे. निकाल मोठ्याने वाचून दाखवतात. लग्नाच्या वयाच्या मुलीचं नाव आणि ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेला की पुढल्या खेपेला त्या पाड्यावरच्या मुली येत नाहीत. वाचणारा आणि समजावणारा वेगळा हवा, पडदा हवा, आणि समजावणं माडिया, पावरी, भिली किंवा कोरकूत हवं. ‘वाहक’ या शब्दाने लोक घाबरतात. ‘तू आजारी नाहीस, फक्त नवरा बघताना त्याचीही तपासणी कर’ एवढं आशाताईंनी त्यांच्या भाषेत सांगितलं की पुरतं.

खरेदी करणाऱ्यांसाठी काही मुद्दे. मागणीपत्रात फक्त ‘सिकलसेल रॅपिड किट’ लिहू नका, नाहीतर सर्वांत कमी दराने सोल्युबिलिटीचं किटही येऊ शकतं. ‘ए आणि एस वेगवेगळे दाखवणारी इम्युनोअसे (अँटिबॉडीवर चालणारी) पट्टी’ असं लिहा. पोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी. एका तालुक्यात एकाच वेळी दोन कंपन्यांच्या पट्ट्या देऊ नका. एकीत रेषा म्हणजे ‘आहे’, दुसरीत रेषा म्हणजे ‘नाही’, यात माणूस चुकणारच. काड्या आणि लॅन्सेट पट्ट्यांपेक्षा दहा टक्के जास्त मागवा, कारण आधी त्याच संपतात. आणि निम्म्याअधिक पट्ट्या उरलेला डबा दुसऱ्या केंद्राला देताना त्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा, झाकणावर नाही, डब्यावर, झाकणं बदलतात.